घोषारंभकाल, बालभाषेतील

घोषारंभकाल, बालभाषेतील : स्पर्श व्यंजन उच्चारताना मुखातील अडथळा सुटण्याचा क्षण आणि स्वरतंतूंच्या कंपनास प्रारंभ होण्याचा क्षण यांमधील कालांतरास घोषारंभकाल म्हणतात. तो मिलिसेकंदांत (सेकंदाच्या हजाराव्या भागांत) मोजतात. कंपन आधी सुरू झाल्यास तो ऋण व नंतर सुरू झाल्यास धन मानतात. ली लिस्कर आणि आर्थर एब्रॅमसन या अमेरिकन स्वनवैज्ञानिकांनी १९६४ मध्ये अकरा भाषांतील स्पर्शांची या मापाने तुलना केली. त्यांत मराठीचा समावेश होता.

मराठीत एकाच स्थानी चार प्रकारचे स्पर्श आढळतात. कडी, खडी, गडी, घडी किंवा पार, फार, बार, भार या शब्दांत अर्थभेद केवळ आद्य व्यंजनामुळे होतो. क, प यांसारख्या अल्पप्राण अघोषांत घोषारंभकाल शून्य ते सु. २५ मिलिसेकंद असतो, तर ख, थ यांसारख्या महाप्राणांत तो याहून बराच अधिक असतो. ग, ब यांत स्वरतंतू अडथळा सुटण्यापूर्वी सु. १०० मिलिसेकंद कंप पावू लागतात. घ, भ यांतही कंपन आधीच सुरू होते. म्हणून केवळ या मापाने ब आणि भ वेगळे करता येत नाहीत. भच्या उच्चारात अडथळा सुटल्यावर कंपनाबरोबर श्वासाचा झोतही बाहेर पडतो. अशा वर्णांत श्वास व नाद दोन्ही असतात, हे ऋक्प्रातिशाख्यकारांनी फार पूर्वी नोंदविले होते. इंग्रजीत शब्दारंभी बहुधा दोनच प्रकारांचा भेद असल्याने त्या भाषेतील मुलांवरून काढलेले निष्कर्ष मराठी बालकास जसेच्या तसे लावणे योग्य नाही.

हा भेद ऐकण्याची क्षमता उच्चारापूर्वी कितीतरी आधी येते. पीटर आयमस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये एक व चार महिन्यांच्या अर्भकांवर प्रयोग केले. घोषारंभकालात अवघा २० मिलिसेकंदांचा फरक असला, तरी तो दोन व्यंजनांमधील सीमेवर येत असल्यास अर्भकांच्या चोखण्याच्या गतीत बदल होत असे. तेवढाच फरक एकाच व्यंजनाच्या कक्षेत असल्यास तसा बदल दिसून येत नसे.

उच्चाराची वाट मात्र लांबची आहे. प्रारंभी बहुतेक मुलांचे सर्व स्पर्श शून्याच्या किंचित पुढे, म्हणजे मराठी प, त, क यांच्या कक्षेत पडतात. कारण ओठ व स्वरतंतू यांच्या हालचालींचा काटेकोर मेळ त्यांना लागत नाही. ब उच्चारताना मुख बंद असूनही स्वरतंतूंमधून हवा वाहती राहावी लागते. बंद मुखातील दाब वाढताच कंपन थांबते. तो वाढू नये म्हणून प्रौढ व्यक्ती नकळत स्वरयंत्र खाली घेते व घसा रुंदावते. लहान मुलाच्या मुखात जागा मुळातच थोडी. त्यातही गच्या वेळी ती अधिकच कमी. म्हणूनच त्याची ‘गाय’ पुष्कळदा ‘काय’ अशी ऐकू येते. स्पॅनिश भाषक मुलांना तर हा पूर्वघोष चौथ्या वर्षाच्या सुमारासही पुरता साधत नाही, असे मार्लिस मॅकेन व डेव्हिड बार्टन यांना १९८० मध्ये आढळले. महाप्राणांसाठी कंठ नेमक्या क्षणी उघडावा लागतो. घ, ध, भ यांत दोन्ही अडचणी एकत्र येतात व ते सामान्यतः शेवटी स्थिरावतात.

उस्मानाबाद जिल्ह्यास २०२३ मध्ये धाराशिव हे नाव अधिकृतपणे मिळाले. जुन्या नावात एकही महाप्राण नव्हता. नव्याचा प्रारंभच अवघड स्पर्शाने होतो. ‘दाराशिव’, ‘बाकरी’ असे बोलणाऱ्या तीन वर्षांच्या मुलास बोबडे ठरविण्यापूर्वी घरातील बोलणे लक्षात घ्यावे. जिल्ह्यात दखनी उर्दू बोलणारी कुटुंबे आहेत आणि दखनीत शब्दाच्या मध्यातील व अंतीचे महाप्राण बरेचदा लोप पावतात. कर्नाटकास लागून असलेल्या उमरगा तालुक्यात कन्नडही कानी पडते. बोली कन्नडमध्ये महाप्राण विरळच. जे कानावर पडते तेच मूल शिकते व त्यात दोष मानण्याचे कारण नाही.

शिवाय ऐकणाऱ्याचा कान फसवा असतो. इंग्रजी भाषक मुलांच्या ध्वनिमुद्रणांची मोजणी करताना मॅकेन व बार्टन यांना अशी अवस्था दिसली, की मूल दोन व्यंजनांत नियमित फरक करते; पण दोन्ही उच्चार प्रौढांच्या एकाच कक्षेत पडत असल्याने तो कोणाला ऐकू येत नाही. अशा मुलास शब्द पुनःपुन्हा वदवून घेतल्याने फारसे साधत नाही. फरक त्याला ठाऊकच असतो. ‘बाकरी’ म्हणणाऱ्या मुलाला मोठ्यांनी ‘बाकरी’ म्हटल्यास ते अनेकदा रागावते, ते यामुळेच.

खरी चिंता वेगळ्या लक्षणांची करावी. हाक मारल्यावर मान न वळविणे, वर्षभरात ‘बाबा’, ‘दादा’ असे अक्षरसमूह न उच्चारणे, दीड वर्षापर्यंत एकही सार्थ शब्द न येणे, यांपैकी काही आढळल्यास प्रथम श्रवणशक्ती तपासावी. महाप्राणाचा झोत हा क्षीण ध्वनी असल्याने सौम्य बहिरेपणातही तो हरवतो. कानामागे साठलेला नव्हे, तर कानाच्या पडद्यामागे साठलेला द्रवही त्यास पुरेसा होतो. जिभेखालचा पडदा कापण्याचा घरगुती सल्ला येथे निरर्थक आहे, कारण ब किंवा भ यांच्या उच्चारात जिभेचा संबंधच येत नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आरोग्य तपासणी केली जाते व तीत श्रवणदोष आणि भाषाविकासातील विलंब यांचाही समावेश आहे.