राउटरची आठवण

मंडळी, आपल्या कन्हेरीत वीज जाऊन परत आली की पंखा आपोआप फिरतो. राउटरला मात्र उठल्यावर आपला पत्ता काय, कुठली वाट कुठे जाते, हे कुठून तरी वाचून घ्यावं लागतं. कुठून, ते आज पाहू. उदाहरण सिस्को कंपनीच्या राउटरचं घेऊ.

अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त ज्ञानाचे दोन प्रकार सांगितले आहेत: अनुभव आणि स्मृती. राउटरकडेही रचनेच्या दोन प्रती असतात. 'रनिंग-कॉन्फिग' म्हणजे या क्षणी चालू असलेली. ती रॅममध्ये असते, वीज गेली की पुसली जाते. 'स्टार्टअप-कॉन्फिग' विजेशिवायही टिकते. राउटर उठताना हीच वाचतो. फरक एवढाच की माणसाच्या मनावर अनुभवाचा संस्कार आपोआप उमटतो, राउटरवर तो आपण मुद्दाम उमटवावा लागतो.

आता आज्ञा बघा. 'एनेबल' म्हटलं की ओळीच्या टोकाचं '>' जाऊन '#' येतं, म्हणजे अधिकार मिळाला. मग 'कॉन्फिगर टर्मिनल'. इथे लिहिलेली प्रत्येक ओळ एंटर दाबताच लागू होते. ती मागे घ्यायची तर तीच ओळ, आधी 'नो' लावून.

फसगत इथेच होते. बदल लगेच चालतो, म्हणून काम झालं असं आपल्याला वाटतं. समजा, दोन महिन्यांनी वीज गेली. राउटर जुनी रचना घेऊन उठतो, ग्रामपंचायतीतले ऑनलाइन दाखले अडतात, आणि तेव्हा काय बदललं होतं ते कुणालाच आठवत नाही. म्हणून 'शो रनिंग-कॉन्फिग'ने तपासायचं, आणि मगच 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग'. क्रम उलटा नको. न तपासता जपलं तर चूकही जपली जाते.

पुसलं जाणं कधी उपयोगीही पडतं बरं का! पुण्यात बसून गावचा राउटर बदलताना चुकीच्या ओळीने आपलीच वाट बंद होऊ शकते. म्हणून आधी 'रीलोड इन १०' द्यावं. वाट तुटली तर दहा मिनिटांनी राउटर स्वतःच जुन्या रचनेवर येतो. सगळं ठीक असेल तर 'रीलोड कॅन्सल', आणि मग जपून ठेवणं.

शेवटचं: राउटरच जळाला तर दोन्ही प्रती जातात. तिसरी प्रत, तारीख घालून, दुसऱ्या यंत्रावर ठेवा. तिच्यात पासवर्डही असतात, तेव्हा ती कुणाच्याही हाती लागू देऊ नका.