मोटारीची कमान आणि दोरीचा भरंवसा



पनवेलची आतां महानगरपालिका झाली, तरी माझ्या तोंडीं ‘गांव’ हाच शब्द येतो. तर आमच्या गांवाच्या एका अंगास पुण्याकडे जाणारी बोरघाटाची वाट, आणि दुसऱ्या अंगास गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६. तो येथूनच सुरू होतो. गणपतीसाठीं कोंकणांत निघालेल्या मोटारींची रीघ दरसाल येथून जाते, आणि खड्ड्यांत आदळून कमानी मोडल्याच्या तक्रारीही त्याच सुमारास कानीं येतात. कमान म्हणजे मोटारीची स्प्रिंग. टांग्याच्या काळापासून आपण तिला कमानच म्हणत आलों आहों.

दोन वर्षांपूर्वीं माझ्या पुतण्याच्या मोटारीची पुढची कमान अशीच मोडली. त्यानें दोन नव्या कमानी मागविल्या, आणि रविवारीं सकाळीं जॅक, दोन पाने व सुंभाची दोरी घेऊन तो अंगणांत बसला. “काका, चार नट काढायचे नि चार बसवायचे, त्यांत काय आहे?” मलाही त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. योगायोगानें माझा एक जुना विद्यार्थी दारावरून चालला होता. तो मोटारदुरुस्तीचा धंदा करतो. त्यानें ती दोरी पाहिली आणि कांहीं न बोलतां शर्टाची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत टांक्यांची ओळ होती. “गुरुजी, उमेदवारीच्या दिवसांत मी तारेनं बांधली होती,” एवढेंच तो म्हणाला.

हें कसें होतें तें पाहूं. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेला नियम आपण सर्वांनीं शाळेंत घोकलेला आहे: कमान जितकी दाबावी तितक्या प्रमाणांत तिचा प्रतिकार वाढतो. पण घोकतांना एक गोष्ट निसटते. कमान दुप्पट दाबली तर तिचा जोर दुप्पट होतो, मात्र तिच्यांत सांठलेली शक्ति चौपट होते. हिशेबापुरती अशी कमान घ्या कीं जी १ सेंटीमीटर दाबण्यास २० किलोंचा भार लागतो. ती १५ सेंटीमीटर दाबली म्हणजे ३०० किलोंचा जोर तिच्यांत कोंडला गेला. सरासरी भार १५० किलो, अंतर १५ सेंटीमीटर; म्हणजे साडेबावीस किलोंचें वजन १ मीटर उचलण्याइतकी शक्ति झाली. कमानीचें स्वतःचें वजन २ किलो धरलें, ती एकदम सुटली, आणि सगळी शक्ति तिच्या उड्डाणांतच खर्ची पडली, तर ती ११ मीटर उंच जाईल. तिमजली घराची गच्ची एवढी उंच असते. आणि काम करणाराचें तोंड कमानीपासून हातभरही दूर नसतें!

कुर्ल्याच्या कारखान्यांत पूर्वीं होणाऱ्या पद्मिनी मोटारीची मागची बाजू पोलादी पाट्यांवर बसे, व पुढें दोन आडव्या भुजांच्या मध्यें वेटोळी कमान असे. खालची भुजा बेसावधपणें सोडविली कीं ती उसळे. हल्लींच्या बहुतेक लहान मोटारींत पुढची कमान व धक्का जिरविणारी नळी हीं दोन्हीं एकाच खांबावर गुंफलेलीं असतात. या खांबाच्या माथ्यावर मधोमध जो नट दिसतो, तोच खरा दगाबाज. बाजूचे दोन-तीन नट काढले कीं अख्खा खांब सुखरूप खालीं उतरतो. पण मधला नट दाबलेल्या कमानीस रोखून धरीत असतो. नवशिक्या माणूस नेमका तोच आधीं फिरवितो.

कमान दाबून धरण्यासाठीं स्प्रिंग कॉम्प्रेसर नांवाचें हत्यार मिळतें: आटे पाडलेले दोन लांब दांडे, व प्रत्येकास दोन आंकडे. हे दांडे कमानीवर बरोबर समोरासमोर लावावयाचे आणि आळीपाळीनें थोडथोडे आवळावयाचे. एकच बाजू आवळली तर कमान केळ्यासारखी वांकते व आंकडे वेटोळ्यावरून घसरतात. आटे झिजलेले किंवा आंकडे वांकलेले असलें हत्यार उसनें आणूं नये. दोरीइतकेंच तें फसवें. हवेवर चालणाऱ्या पान्यानें घाईघाईनें आवळूं नये. कमान आपल्या बैठकींत सैल होऊन हातानें हलूं लागली, म्हणजे मगच मधल्या नटास हात लावावा. निव्वळ जॅकवर उचललेल्या मोटारीखालीं शिरणें हा तर अगदीं निराळाच अपघात. भक्कम लोखंडी स्टँड खालीं हवेतच.

पुतण्याची मोटार शेवटीं विद्यार्थ्याच्याच दुकानांत गेली. तेथील हत्यार भिंतीस पक्कें बसविलेलें, समोर जाळी. एकच कमान मोडली होती, तरी त्यानें दोन्हीं बाजूंच्या बदलल्या, कारण एक नवी व एक थकलेली असली कीं मोटार एका अंगास कलते. नंतर चाकांचा रोख तपासून घेतला. सगळें मिळून अर्धा दिवस लागला, आणि चतुर्थीच्या आदल्या पहाटे आम्ही कोंकणाकडे निघालों.