दुसरीचं काय?

बहुपत्नीत्वाचा वाद टीव्हीवर पेटतो तेव्हा प्रश्न एकच असतो: किती बायकांना परवानगी? महाराष्ट्रातले दोन जुने खटले वाचले, की खरी मेख वेगळीच आहे हे कळतं.

भाऊराव लोखंडे यांनी १९६२ साली पहिली पत्नी असताना दुसरीच्या गळ्यात हार घातला. कपाळाला कपाळ टेकवलं गेलं. होम नाही, सप्तपदी नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६५ मध्ये निकाल लागला: आवश्यक विधी झालेच नाहीत, म्हणजे कायद्याच्या लेखी दुसरं लग्न लागलंच नाही; मग गुन्हा कसला? आरोपी सुटले.

यमुनाबाई आढाव यांचं लग्न मात्र १९७४ साली हिंदू पद्धतीने रीतसर लागलं. नवऱ्याची पहिली बायको हयात होती. छळाला कंटाळून त्या बाहेर पडल्या आणि त्यांनी पोटगी मागितली. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पहिलं लग्न कायम असताना झालेलं हे लग्न मुळातच अवैध, तेव्हा यमुनाबाई कायद्याने पत्नीच नाहीत. पोटगी नामंजूर.

विधी अर्धवट झाले तर नवरा सुटतो. पूर्ण झाले तरी बाई कोरडीच राहते.

वास्तविक मुंबई प्रांताने हिंदूंसाठी द्विभार्या प्रतिबंधक कायदा १९४६ मध्येच केला. मुसलमान वगळून फक्त आम्हालाच का, असा आक्षेप न्यायालयात गेला. १९५१ मध्ये न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांनी तो फेटाळला. सुधारणा टप्प्याटप्प्याने करता येते, असं त्यांचं म्हणणं. पुढे १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला. मुस्लीम पुरुषाला चार लग्नांची मुभा मात्र कायम राहिली. तिच्याविरुद्ध १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लीम महिलांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेला.

आकडे काय सांगतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत सुमारे १.४ टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याला आणखी बायको असल्याचं सांगितलं. मुस्लिमांत हे प्रमाण १.९, हिंदूंत १.३ टक्के. म्हणजे एका समाजाला मुभा, दुसऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद, आणि फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. नुसत्या बंदीने चाल मोडत नाही, हे यावरून दिसतं. कारणं घरात आणि गावात असतात. मूल नाही, मुलगा नाही, कामाला हात नाहीत. शहापूर तालुक्यातल्या डेंगणमाळमध्ये तर पाणी भरायला आणखी बायको करण्याची चाल पडली. ज्या तालुक्यातल्या धरणांचं पाणी मुंबई पिते, त्याच तालुक्यातली ही गोष्ट!

मग मान्यताच द्यावी का? दक्षिण आफ्रिकेने १९९८ मध्ये पारंपरिक बहुपत्नीक विवाहांना मान्यता दिली. नवऱ्याने आधी मालमत्तेच्या वाटणीचा लेखी करार करून न्यायालयाची मंजुरी घ्यावी, अशी अट घातली. दुसरी निदान कागदावर येते, हा युक्तिवाद वजनदार आहे. पण अशा मान्यतेला ‘पहिलीची संमती’ लागेल म्हटलं, तरी तो शब्द आपल्याकडे फसवा ठरेल. माहेरचा आधार नाही, नावावर जमीन नाही, अशा बाईची सही म्हणजे संमती नव्हे. शिवाय मुभा एकट्या पुरुषाला ठेवायची, तर समतेचं काय?

उलट टोकाला कडक बंदी आहे. उत्तराखंडची समान नागरी संहिता २०२५ मध्ये लागू झाली. आसामने त्याच वर्षी बहुपत्नीत्वाविरुद्ध स्वतंत्र विधेयक संमत केलं. अनुसूचित जमातींना दोन्हीकडे वगळलं आहे. समान कायद्याचा नमुना म्हणून मिरवणाऱ्या गोव्यातही १८८० च्या पोर्तुगीज हुकमाने मूल किंवा मुलगा नसल्यास हिंदू पुरुषाला ठरावीक अटींवर दुसऱ्या लग्नाची वाट ठेवली होती.

बंदी हवीच, आणि ती सर्वांना हवी. पण दुसरं लग्न अवैध ठरवलं, की त्या बाईलाही वाऱ्यावर सोडलं पाहिजे असं थोडंच आहे? मुलांच्या बाबतीत कायद्याने हा विवेक कधीच दाखवला: लग्न अवैध असलं तरी मुलं औरस. बाईच्या बाबतीत तो उशिरा आला. पहिलं लग्न लपवून फसवलेल्या स्त्रीला पोटगी मिळेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते आणखी पुढे गेलं. लग्न अवैध ठरलं तरी हिंदू विवाह कायद्याखाली कायमची पोटगी मागता येते, असा निर्वाळा त्याने दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका जुन्या निकालात अशा स्त्रीसाठी ‘अनौरस पत्नी’ अशा अर्थाचे शब्द होते, त्यांवरही ताशेरे ओढले.

पोटगी द्यायची की नाही हे अजून न्यायाधीशाच्या मर्जीवर आहे. तो हक्क झाला पाहिजे. प्रत्येक लग्नाची नोंदणी सक्तीची हवी आणि ती नोंद राज्याबाहेरही तपासता आली पाहिजे, म्हणजे लोखंडे खटल्यातली पळवाट बुजेल. दोन बायका करणाऱ्याला दोघींचाही खर्च चुकवता येणार नाही, एवढं कायद्याने पक्कं केलं, तरी बंदीला दात फुटतील.