बाबा टूरवर, बाळ घरी : नजर चुकवून निघण्यापेक्षा सांगून निघालेलं बरं

पहाटेचे साडेचार. टिळकवाडीतलं कुठलंही नोकरदार घर डोळ्यांसमोर आणा. दाराशी बॅग तयार आहे, पुण्याची गाडी गाठायची आहे. आतल्या खोलीत दोन वर्षांचं मूल झोपलंय. आजी दबक्या आवाजात सांगते, "उठायच्या आत नीघ रे, नाहीतर रडून घर डोक्यावर घेईल." बाबा चप्पल हातात घेऊन जिना उतरतो. सात वाजता मूल उठतं. बाबाची खाट बघतं, बाथरूमचं दार वाजवतं, गॅलरीत डोकावतं. बाबा कुठेच नाही. मग जे रडणं सुरू होतं ते दिवसभर अधूनमधून चालू राहतं, आणि त्या रात्री आई नुसती स्वयंपाकघरात गेली तरी मूल तिचा पदर सोडत नाही.

असा प्रसंग बेळगाव, निपाणी, खानापूरच्या घरांत नवा नाही. उद्यमबागेतल्या कारखान्याचा माल विकायला कोल्हापूर-पुण्याला जाणारे, औषध कंपनीच्या कामासाठी चोर्ला घाट उतरून गोव्यात जाणारे, ऑफिसच्या मिटिंगसाठी रात्रीच्या रेल्वेने बेंगळुरू गाठणारे असे अनेक जण असतात. इंदूर, वडोदरा, हैदराबादच्या मराठी घरांतही हेच. फिरती बंद करणं सगळ्यांच्या हातात नसतं. पण फिरतीवर निघायचं कसं, घरी काय ठेवून जायचं आणि परत आल्यावर काय करायचं, हे मात्र हातात असतं.

मुलाला नेमकं काय कळतं?

अगदी तान्ह्या बाळाच्या लेखी नजरेआड गेलेली वस्तू संपलेली असते. ती दिसत नसली तरी कुठेतरी आहे, ही समज पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात येऊ लागते. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी यावर बरंच काम केलं. ही समज आली की अडचणही येते : आई-बाबा कुठेतरी आहेत, पण इथे नाहीत, हे बाळाला कळू लागतं. म्हणून साधारण आठव्या महिन्यापासून मूल आई-बाबा दूर गेले की रडतं, अनोळखी माणसाकडे जात नाही. दहा ते अठरा महिन्यांच्या काळात हे सगळ्यांत जास्त दिसतं. पुढे भाषा आणि आठवण वाढते तसं दोन-तीन वर्षांच्या दरम्यान हळूहळू कमी होतं.

"फार लाडावलंय" किंवा "आजीने हातावर ठेवून बिघडवलंय" असं जे घरात बोललं जातं, त्यात म्हणूनच तथ्य कमी. माणूस ओळखून त्याच्यामागे रडणं ही वाढीचीच पायरी आहे.

नजर चुकवून निघालं तर काय होतं?

सांगून निघालं तर मूल दाराशी रडतं. ते रडणं ऐकवत नाही, म्हणून मोठी माणसं पळवाट काढतात. पण मुलाच्या बाजूने बघा. झोपताना बाबा होता, उठल्यावर नाही. म्हणजे झोपलं की माणूस जातं. पुढच्या रात्री झोपायला नको म्हणणं, मध्येच उठून चाचपून बघणं, दिवसा आईला बाथरूमलाही जाऊ न देणं हे त्यातूनच येतं. दाराशी पाच मिनिटांचं रडणं वाचवायला जावं आणि घरच्यांची तीन दिवसांची झोप जावी, असा हा व्यवहार आहे.

निरोप लहान ठेवावा, पण द्यावा. आदल्या संध्याकाळी बॅग मुलासमोर भरावी. "बाबा गाडीने जाणार, काम करणार, परत येणार" एवढी तीन वाक्यं पुरतात. गाडी फारच पहाटेची असेल तर रात्री झोपवतानाच निरोप घ्यावा आणि सकाळी उठल्यावर आईने किंवा आजीने स्वतःहून सांगावं, "बाबा गाडीने गेला. काल सांगितलं होतं ना?" निघताना रडलं तर एकदा जवळ घ्यावं आणि निघावं. दारातून चार वेळा परत फिरलं की रडणं वाढतं.

आपल्याकडे निघताना "जातो" म्हणायची पद्धत नाही, "येतो" किंवा "जाऊन येतो" म्हणतात. लहान मुलासाठी हा शब्द फार कामाचा आहे. दुकानात जाताना, कचरा टाकायला जाताना, दर वेळी "जाऊन येतो" म्हणायचं आणि दोन मिनिटांत परत यायचं. रोज दहा वेळा हे खरं ठरलं की तीन दिवसांच्या टूरलाही त्याच शब्दाचा आधार मिळतो.

‘परवा’ कळत नाही, झोपा मोजता येतात

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला "शुक्रवारी येणार" याचा अर्थ लागत नाही. "तीनदा झोपून उठलं की बाबा" हे बरंच जवळचं वाटतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज सकाळी मुलाच्या हाताने एक खूण करून घ्यावी, किंवा दोरीवर तीन चिमटे लावून रोज एक काढावा. मोजता येत नसलं तरी चिमटे संपत आले हे दिसतं.

परतायला उशीर होणार असेल तर तेही सांगावं. "आलाच बघ, आत्ता येईल" असं दिवसभर सांगून वेळ मारून नेली की मूल दाराकडे बघत बसतं आणि पुढच्या वेळी खरं सांगितलं तरी विश्वास ठेवत नाही.

याशिवाय जेवण, आंघोळ, झोप यांच्या वेळा जशाच्या तशा ठेवाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. बाबा रात्री अकराला पोचणार म्हणून मुलाला जागं ठेवण्यापेक्षा सकाळी भेटलेलं चांगलं.

व्हिडिओ कॉल किती?

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन दाखवू नये. अपवाद नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा. दोन ते पाच वर्षांसाठी सगळं मिळून दिवसाला एक तास ही वरची मर्यादा.

कॉल छोटा असावा आणि शक्यतो रोज त्याच वेळी. "हाय कर, पापी दे, काय खाल्लं सांग" अशी परीक्षा घेतली की मूल फोन टाकून पळतं. त्यापेक्षा बाबाने लॉजवरची खिडकी, ताटातली पोळी दाखवावी. मूल नुसतं शेजारी गाडी खेळत बसलं तरी चालेल. काही मुलं कॉल संपला की जास्त रडतात. अशा मुलाशी झोपायच्या तोंडावर बोलू नये, दुपारी चारच्या सुमारास बोलावं. एवढ्यानेही रडणं थांबत नसेल तर बाबाच्या आवाजात रोजची गोष्ट रेकॉर्ड करून ठेवता येते.

माणूस बदललं की भाषाही बदलते

सीमाभागात फिरतीच्या काळात मदतीला येणारं माणूस बऱ्याचदा वेगळी भाषा बोलणारं असतं. मुलाने आजीकडे "पाणी" मागितलेलं असतं, सांभाळायला येणाऱ्या मावशी "नीरू" म्हणतात, गोव्यातल्या शेजारणीकडे तेच "उदक" होतं. मुलं यात गोंधळत नाहीत. दोन-तीन भाषांचे शब्द एका वाक्यात मिसळणं हा शिकण्याचाच भाग आहे. अडचण येते ती मुलाच्या खास शब्दांची. भूक लागली की ते "मम्म" म्हणतं की "भात", शू आली की काय खूण करतं, झोपताना कुठली चादर लागते, हे नव्या माणसाला कोण सांगणार? मुलाचे रोजचे दहा-पंधरा शब्द आणि सवयी एका कागदावर लिहून फ्रिजवर लावल्या तर निम्मी रडारड तिथेच थांबते.

औषध, लस, तिकीट

फिरतीवर जाण्याआधी डॉक्टरांकडून तापाच्या औषधाची मात्रा वजनाप्रमाणे लिहून घ्यावी. पॅरासिटामॉलचं सिरप वेगवेगळ्या ताकदीत मिळतं, त्यामुळे "मागच्यासारखंच पाच एमएल" हा अंदाज चुकू शकतो. मात्रा लिहिताना बाटलीवरची ताकदही लिहावी.

लसीकरणाचं कार्ड मोबाईलमध्ये फोटो काढून दोघांकडे असावं. १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटी आणि पोलिओचे बूस्टर येतात. नेमक्या याच काळात टूर आणि आजोळच्या फेऱ्या सुरू असतात. राष्ट्रीय लसीकरणाचं हे वेळापत्रक सगळ्या राज्यांत सारखंच असल्याने बेळगावात सुरू झालेली लस गडहिंग्लजला पुढे चालू ठेवता येते. त्यासाठी लशीचं नाव आणि तारीख दिसायला हवी.

आजीला बोलावताना भाड्याचाही हिशेब असतो. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, पण ते राज्याच्या हद्दीपर्यंतच. ११ जून २०२३ ला सुरू झालेली कर्नाटकची शक्ती योजना तिथल्या रहिवासी महिलांसाठी आहे. म्हणजे चंदगडहून नातवाला सांभाळायला येणाऱ्या आजीला हद्द ओलांडली की पूर्ण तिकीट. मुलालाच सोबत न्यायचं असेल तर रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला वेगळा बर्थ न घेता तिकीट लागत नाही. विमानात मांडीवर बसवायची मुभा दोन वर्षं पूर्ण होईपर्यंतच.

परत आल्यावर मूल जवळ का येत नाही?

तीन दिवसांनी बाबा दारात उभा. वाटतं, धावत येईल. मूल मात्र आजीच्या मागे लपतं. घरातलं कोणीतरी हसून म्हणतं, "विसरला बघ तुला!" ते बाबाला लागतं, आणि विसरलेलं तर नसतंच.

मेरी एन्सवर्थ या संशोधिकेने वर्ष-दीड वर्षाच्या मुलांचं निरीक्षण करताना आई खोलीतून गेल्यावर मूल किती रडतं यापेक्षा ती परतल्यावर मूल कसं वागतं याला जास्त महत्त्व दिलं. बिलगणं, रागावून ढकलणं, तोंड फिरवणं अशा तऱ्हा तिने नोंदल्या. ब्रिटनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये आठ दिवस हॉस्पिटलमध्ये राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला. तेव्हा आई-वडिलांच्या भेटीवर तिथे कडक निर्बंध होते. ती मुलगी फारशी रडत नव्हती, स्वतःला आवरून धरत होती, आणि तेच बघवत नव्हतं. पुढे १९५९ च्या प्लॅट समितीने भेटीचे निर्बंध काढायची शिफारस केली. घरी आजीजवळ राहिलेल्या मुलाची स्थिती हॉस्पिटलातल्या मुलीसारखी नसते. पण मूल शांत आहे म्हणजे त्याला काही वाटत नाही, हा अंदाज दोन्हीकडे चुकतो.

म्हणून आल्या आल्या उचलून घेण्याची घाई करू नये. हात-पाय धुऊन जमिनीवर बसावं, मुलाचा खेळ हातात घ्यावा, वाट बघावी. खेळणं आणलं असेल तर ते थोड्या वेळाने द्यावं, नाहीतर मूल माणसाऐवजी बॅगेची वाट बघायला शिकतं. परतल्यानंतरही दोन-तीन आठवडे मूल नीट खात-झोपत नसेल, किंवा बोलत असलेले शब्द बंद झाले असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

घरी राहिलेल्याचा हिशेब

फिरतीवरचा माणूस दमून येतो हे खरं. पण तीन दिवस एकटीने मूल, दूध, ताप, रात्रीची जागरणं आणि स्वतःची नोकरी सांभाळणारीही दमलेली असते. निघण्याआधी गॅस, औषधं, किराणा बघून जाणं आणि परतल्यावर दुसऱ्या दिवशीची सकाळ मुलासह पूर्णपणे आपल्याकडे घेणं, एवढं ठरवून घेतलं तर घरातली निम्मी धुसफूस कमी होते.

फिरती आईची असेल तर आणखी एक ओझं असतं. बाबा गेला की "टूरवर गेलाय", आई गेली की "पोराला टाकून गेली". मुलाला असा फरक कळत नाही. त्याला माणूस परत येतं की नाही आणि घरी ओळखीचं कोणी आहे की नाही, एवढंच कळतं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झालं. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, खासगी नोकरीत ती मालकाच्या मर्जीवर. म्हणजे रजा संपून आई कामावर जाते तेव्हा मूल सहा महिन्यांचंही जेमतेम असतं, आणि माणसामागे रडण्याचे दिवस अजून यायचे असतात. त्या दिवसांत घरातल्यांनी तिला टोमणे मारण्याऐवजी तिच्या निघायच्या वेळी मुलाला कडेवर घेऊन दाराशी उभं राहावं. ती "जाऊन येते" म्हणेल. मूल रडेल, पण ती गेली हे त्याने पाहिलेलं असेल, आणि येणार हे ऐकलेलं असेल.