डीओडी म्हणजे काय? क्लासमधली नावं आणि टेबलमधले कॉलम

मागच्या भागात आपण क्लास आणि ऑब्जेक्ट पाहिले. आज त्या ऑब्जेक्टची फील्ड डेटाबेसमधल्या कॉलमशी कशी जोडतात आणि दोन्हीकडे नावं काय ठेवायची, ते बघू. विषय रुक्ष वाटेल. मलाही वाटायचा.

मी सिग्नल्सचा. निवृत्तीनंतर महूला राहिलो. इथं आम्ही काही माजी सैनिक मिळून परिसरातल्या जवानांची नोंदवही ठेवतो. एका निवृत्त हेडक्लार्कसाहेबांनी ती बऱ्याच वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवर चढवली. कॉलमची नावं ऑफिसच्या सवयीनं तीन-तीन अक्षरी: डीओबी म्हणजे जन्मतारीख, डीओई म्हणजे भरतीची तारीख, डीओडी म्हणजे डिस्चार्जची तारीख. जवानाला डिस्चार्ज मिळतो, अधिकारी रिटायर होतो, म्हणून अधिकाऱ्यांसाठी डीओआर हा वेगळा कॉलम.

पुढे कॉलेजमधल्या एका मुलानं जावात नवा प्रोग्रॅम लिहून दिला. क्लासमध्ये फील्डचं नाव त्यानंही डीओडीच ठेवलं, पण त्याच्या मनात अर्थ होता डेट ऑफ डेथ. डीओडी भरलेला असेल तर माणूस दिवंगत, त्याच्या पत्नीला सांत्वनाचं पत्र आणि फॅमिली पेन्शनच्या कागदांची यादी पाठवायची, असा नियम त्यानं लिहिला. चाचणी मी घेतली. स्वतःचा आणि ओळखीच्या दोन अधिकाऱ्यांचा रेकॉर्ड काढून पाहिला. तिघांचाही डीओडी रिकामा. प्रोग्रॅमनं आम्हाला जिवंत ठरवलं आणि मी पास केलं.

पहिल्या खेपेला बारा पत्रं गेली. त्यातलं एक सातारा जिल्ह्यातल्या एका गावी. हवालदारसाहेब इंदूरला गार्डची नोकरी करायचे, रात्रपाळी संपवून फोन बंद करून झोपले होते. गावी पत्र मुलीनं आईला वाचून दाखवलं. दुपारी चारला त्यांचा फोन लागला, तोवर घर भरलं होतं. संध्याकाळी मला फोन आला, "साहेब, मी आहे अजून." नंतर मी त्यांच्या गावी जाऊन आलो. त्या घराच्या ओट्यावर बसून डेटाबेस म्हणजे काय ते समजावणं मला जमलं नाही. माफी मागितली आणि परतलो.

आता चूक नेमकी कुठं झाली ते पाहू. जावामध्ये फील्डचं नाव कॅमल केसमध्ये लिहितात. पहिला शब्द लहान अक्षरांत, पुढच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, मधे जागा नाही. (देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, तेव्हा पुस्तकात ते छापून दाखवता येत नाही.) क्लासच्या नावाचं मात्र पहिलं अक्षरही कॅपिटल. टेबलमध्ये बहुतेक लोक सगळी अक्षरं लहान ठेवून शब्दांमध्ये अंडरस्कोर देतात: डेट_ऑफ_बर्थ. त्याला कारण आहे. अवतरणचिन्हाशिवाय लिहिलेलं नाव पोस्टग्रेस लहान अक्षरांत बदलतो आणि ओरॅकल कॅपिटलमध्ये. कॅपिटलनं शब्द वेगळे दाखवले तर ती खूण तिथं पुसली जाते, अंडरस्कोर टिकतो. पायथॉनवाल्यांना हा त्रास कमी, कारण 2001 च्या पेप 8 या नियमावलीप्रमाणे व्हेरिएबलची नावं तिथंही अंडरस्कोरनंच लिहितात.

या दोन पद्धतींमधला दुभाषी म्हणजे ओआरएम. जावात हायबरनेट, पायथॉनमध्ये जँगोचं स्वतःचं. स्प्रिंग बूटमध्ये हायबरनेट वापरलं की कॅमल केसचं नाव आपोआप अंडरस्कोरचं होतं. सोय चांगली आहे, पण दुभाषी अक्षरं बदलतो, अर्थ तपासत नाही. डीओडीला डीओडी सापडला, दोन्हीकडे तारीखच होती, एररही आली नाही. एरर आली असती तर बरं झालं असतं.

मग कॉलमचंच नाव बदलायचं का? आम्ही बदललं नाही. हेडक्लार्कसाहेबांचा छपाईचा जुना प्रोग्रॅम तोच कॉलम वाचतो, तो बंद पडला असता. नाव बदललं ते क्लासमध्ये: डिस्चार्ज डेट, पूर्ण शब्दांत. त्या फील्डच्या वर @कॉलम हे अ‍ॅनोटेशन लावून त्यात डीओडी हे नाव दिलं. जँगोमध्ये याच कामासाठी डीबी_कॉलम असतं. म्हणजे आडनिडं नाव एकाच ओळीत राहतं आणि बाकी सगळा कोड डिस्चार्ज डेट म्हणतो. मृत्यूच्या तारखेसाठी वेगळा कॉलम काढला. पत्राचा नियम आता तोच बघतो, आणि पत्र निघण्याआधी आमच्यातला एक जण घरी फोन करतो.

एक खाचखळगा सांगून ठेवतो. स्प्रिंग बूटमध्ये @कॉलममध्ये स्वतः कॅपिटल असलेलं नाव लिहिलंत, तरी तो नेहमीचा नियम त्यावरही चालतो आणि अंडरस्कोरचं नाव शोधतो. कॉलम सापडत नाही म्हणून लोक दिवसभर डोकं आपटतात. जुन्या टेबलमध्ये तशी नावं असतील तर नेमिंग स्ट्रॅटेजीच बदलावी लागते.

दुसरी गोष्ट रिकाम्या रकान्याची. आमच्या टेबलमध्ये अपंगत्वाची टक्केवारी आहे. शून्य म्हणजे मेडिकल बोर्डानं तपासून शून्य दिले, रिकामं म्हणजे बोर्डाची नोंदच आलेली नाही. एकाचं काम संपलेलं, दुसऱ्याचं सुरूही नाही. जावाच्या जेडीबीसीमध्ये गेटइंट वापरून रिकामा रकाना वाचला की हातात शून्यच येतो. वाचल्यावर लगेच वॉजनल विचारलं तरच फरक कळतो. हायबरनेट वापरत असाल तर असं फील्ड साध्या इंटऐवजी इंटिजर ठेवा, त्यात नल राहू शकतो. आमच्याकडे ते वॉजनल न विचारता गेटइंटनं वाचलं जात होतं. डीओडीच्या निमित्तानं सगळी फील्ड तपासली तेव्हा सापडलं. बोर्डाची नोंद न आलेले जवान तोवर शून्य टक्क्यांच्या यादीत बसले होते, आणि त्या यादीतल्या कोणाचाही पाठपुरावा आम्ही करत नव्हतो. आता करतो आहोत.