सौंदर्याच्या आशियाई परंपरा – लेखांक ६ : काळ्या दातांचे तेज

शुभ्र दात म्हणजे सुंदर दात हा निकष आज इतका सर्वमान्य झाला आहे की तो निसर्गानेच घालून दिला असावा असे वाटते; परंतु पूर्व आणि आग्नेय आशियात कित्येक शतके याच्या नेमका उलट निकष प्रचलित होता, आणि तो मानणाऱ्या समाजांची सौंदर्यदृष्टी अत्यंत सूक्ष्म व जोपासलेली होती. दात काळे करण्याच्या जपानी प्रथेला ‘ओहागुरो’ म्हणतात. हेइआन काळात (७९४–११८५) क्योतोच्या दरबारी वर्गात ती रुजलेली होती. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू या लेखिकेने रचलेल्या ‘गेन्जी मोनोगातारी’ या कादंबरीत, आजीच्या जुन्या वळणामुळे एका लहान मुलीचे दात काळे करायचे राहून गेलेले असतात आणि नायक गेन्जी ते करवून घेतो. पुरुषही यातून सुटले नव्हते. ११८४ मधील इची-नो-तानीच्या लढाईत तायरा घराण्यातील तादानोरी या सरदाराने आपण शत्रूच्याच पक्षातले आहोत असे भासवले, पण काळ्या केलेल्या दातांवरून तो ओळखला गेला, असे ‘हेइके मोनोगातारी’ या युद्धकथेत वर्णन आहे.

हा रंग तयार करण्याची रीत लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे, कारण तिच्यात अनुभवातून आलेले रसायनज्ञान साठवलेले आहे. लोखंडाचे तुकडे किंवा खिळे व्हिनेगर, चहा, साके (तांदळाचे मद्य) अशा द्रवांत घालून ते मिश्रण बरेच दिवस मुरवत ठेवले जाई. त्यातून लोहाचे ॲसिटेट असलेले, उग्र वासाचे ‘कानेमिझु’ म्हणजे लोहजल मिळे. दुसरा घटक होता ‘फुशिको’. मावा या किडीमुळे एका विशिष्ट झाडाच्या पानांवर ज्या गाठी येतात त्या वाळवून केलेली ही पूड असे, आणि तिच्यात टॅनिन, म्हणजे हिरड्यातही असते तसे तुरट द्रव्य, विपुल असते. लोहजल आणि ही पूड आलटून पालटून दातांवर कुंचल्याने लावली की लोह व टॅनिन यांचा संयोग होऊन पाण्यात न विरघळणारा गर्द काळा थर तयार होई. जुन्या काळातील लोहयुक्त लेखनशाईचा काळेपणाही याच संयोगातून येत असे. हा थर हळूहळू झिजत असल्याने दर एकदोन दिवसांनी लेप द्यावा लागे, तेव्हा ओहागुरो हे एकदा करून संपणारे काम नव्हते, तर स्त्रीच्या नित्याच्या दिनक्रमाचाच तो भाग होता.

एदो काळात (१६०३–१८६८) सर्वसामान्य समाजात काळे दात ही मुख्यतः विवाहित स्त्रीची खूण बनली. पहिल्यांदा दात काळे करण्याचा विधी एखाद्या वडीलधाऱ्या, मानाच्या स्त्रीच्या देखरेखीखाली होई, आणि काही भागांत त्यासाठी सात घरांतून लोहजल मागून आणण्याची चाल होती. मुलीच्या प्रौढत्वाला आप्तांनी व शेजाऱ्यांनी दिलेली ती संमतीच होती, आणि या प्रथेचा खरा अर्थ तेथेच शोधला पाहिजे. तिचे दृश्य सौंदर्यही दुर्लक्षिण्याजोगे नाही: चेहऱ्याला पांढरा लेप दिल्यावर नैसर्गिक दात पिवळट दिसतात, काळे दात मात्र मंद उजेडात लाखेच्या भांड्यासारखे चमकतात. तानिझाकी जुनइचिरो या लेखकाने १९३० च्या दशकात सावलीच्या सौंदर्यावर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात काळ्या दातांचा विचार याच संदर्भात केला आहे.

एकोणिसाव्या शतकात आलेल्या पाश्चात्त्य प्रवाशांना मात्र यात केवळ कुरूपता दिसली. स्त्रियांना अनाकर्षक करून त्यांचे पातिव्रत्य राखण्याची ही युक्ती असावी, असाही तर्क त्यांच्यापैकी काहींनी केला. दरबारी पुरुष आणि गणिका हेही दात काळे करत, हे लक्षात घेतले की तो तर्क टिकत नाही. १८७० मध्ये मेइजी सरकारने सरदारवर्गाला या प्रथेची मनाई केली आणि १८७३ मध्ये खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली. जी गोष्ट घराघरांतील स्त्रियांनी पिढ्यानपिढ्या जपली होती, ती परक्यांच्या नजरेला सुसंस्कृत दिसण्याच्या खटपटीत वरून मोडीत काढली गेली. ग्रामीण भागात ती त्यानंतरही बराच काळ टिकून राहिली. क्योतोतील शिकाऊ गेइशा, म्हणजे ‘माइको’, शिक्षणाच्या अखेरच्या टप्प्यावर आजही काही काळ दात काळे करतात.

व्हिएतनाममध्ये पद्धत वेगळी होती. तेथे प्रथम लाखेचा लेप, त्यावर लोहक्षार आणि शेवटी चकाकीसाठी नारळाच्या करवंटीचा काळा अर्क, असा अनेक दिवसांचा क्रम असे. त्या दिवसांत चावून खाणे वर्ज्य होते, पण चढलेला रंग वर्षानुवर्षे टिके. लांब पांढरे दात पशूंना आणि भुताखेतांना शोभतात, माणसाला नव्हे, ही त्यामागील धारणा होती. १७८९ मध्ये चीनच्या छिंग सैन्याविरुद्ध लढताना सम्राट क्वांग त्रुंगने सैनिकांना केलेल्या आवाहनात लांब केस आणि काळे दात राखण्यासाठी लढण्याचा उल्लेख आहे, यावरून ही खूण लोकांच्या अस्मितेशी किती घट्ट बांधलेली होती ते कळते.

भारतही या परंपरेबाहेर नाही. उत्तरेत हिराकस (लोहाचा एक क्षार) आणि मायफळ यांसारख्या द्रव्यांपासून केलेली मिस्सी स्त्रिया दातांना व हिरड्यांना लावत, आणि जुन्या महाराष्ट्रात काळे दातवण हे सवाष्णीच्या शृंगारात मोडत असे. तुरट द्रव्य आणि लोह यांचा हाच संयोग जपानपासून भारतापर्यंत आढळतो. तो एका ठिकाणाहून दुसरीकडे गेला असे मानण्याची मात्र गरज नाही, कारण ही द्रव्ये सर्वत्र सहज उपलब्ध होती.

पुढील लेखांकात कोरियातील ‘गाचे’ या अवजड केसांच्या टोपांचा आणि १७५६ मध्ये राजा यंगजोने त्यांच्यावर घातलेल्या बंदीचा विचार केला जाईल.