नाझरच्या नोंदवहीतलं मूल

२४ ऑगस्ट २०१५ रोजी नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने एका लहानग्यासाठी अंतरिम पोटगी मंजूर केली. १ सप्टेंबर २०१३ पासून महिना पाच हजार रुपये, आणि १ सप्टेंबर २०१५ पासून पुढे महिना दहा हजार. तारखा पुन्हा एकदा बघा. हुकमावर सही झाली त्या दिवशीच, चालू ऑगस्ट धरून, त्या पोराचे चोवीस महिन्यांचे एक लाख वीस हजार रुपये येणे निघत होते. मूल जेमतेम बोलायला लागलेलं, आणि कायद्याच्या भाषेत धनको!

पोटगीच्या हुकमाची खरी गंमत इथेच आहे. हा एका रकमेचा निकाल नसतो. महिना उलटला की नवं देणं आपोआप उभं राहतं. त्यासाठी कुणाला अर्ज करावा लागत नाही, न्यायाधीशांना पुन्हा सही करावी लागत नाही. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी असली तरी मुलाच्या खात्यात मे महिन्याची रक्कम येणे लागतेच. शिवाय हे खातं आईच्या खात्यापेक्षा वेगळं. घटस्फोटित आईने उद्या दुसरं लग्न केलं तर तिची पोटगी थांबते, मुलाची चालू राहते. आईबापांचं लग्न झालं होतं की नव्हतं, यावरही मुलाचा हक्क अडत नाही. औरस-अनौरस दोघांनाही पोटगी देणारी ही तरतूद ब्रिटिश अमदानीतल्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतसुद्धा होती, याचं मला फार नवल वाटतं. हेतू निव्वळ दयेचा नव्हता हे खरं. निराधार बायकापोरं रस्त्यावर येऊ नयेत, भटकेगिरी वाढू नये, ही सरकारची काळजी होती. म्हणून तर घरगुती वाटणारा हा विषय चोऱ्या-माऱ्यांच्या कायद्यात जाऊन बसला.

रकमेच्या बाबतीत मात्र कायदा भलताच चिकट निघाला. १९५५ मध्ये कमाल मर्यादा महिना पाचशे रुपये झाली. १९७३ ची नवी संहिता आली, कलमाचा क्रमांक ४८८ चा १२५ झाला, पण पाचशेचा आकडा जागचा हलला नाही. महाराष्ट्राने १९९९ मध्ये आपल्यापुरती ती मर्यादा दीड हजारावर नेली, आणि २००१ मध्ये संसदेने ती काढूनच टाकली. शेहेचाळीस वर्षांत ज्वारीचा भाव कुठल्या कुठे गेला, केंद्राच्या कायद्यात मुलाच्या जेवणाची किंमत तेवढी तिथेच होती. १ जुलै २०२४ पासून ही संहिताही गेली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. वकिलांच्या तोंडात अजून १२५ च असतं. महाराष्ट्रातल्या कुटुंब न्यायालयांत अशा अर्जाच्या क्रमांकाआधी ‘ई’ हे अक्षर लागतं. ‘ई-पिटिशन’ ऐकून ते ऑनलाइन प्रकरण आहे असं समजू नका.

आता पैसे बापाकडून मुलापर्यंत जातात कसे ते पाहू. कोर्टात नाझर नावाचा अधिकारी असतो, पैशांचा सगळा कारभार त्याच्याकडे. रक्कम कोर्टात भरायची तर प्रकरणाचा क्रमांक, पक्षकारांची नावं आणि कुठल्या महिन्यांपोटी भरतोय ते लिहून द्यायचं, पावती घ्यायची. नाझरच्या नोंदवहीत नोंद पडते. मग आई रक्कम काढून घेण्याचा अर्ज देते, वकील तिची ओळख देतो, न्यायाधीश अर्ज मंजूर करतात, तेव्हा पैसे सुटतात. कधी पैसे तारखेलाच, भर कोर्टात दिले जातात. अशा वेळी आई ‘अमुक रक्कम मिळाली’ अशी पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, सहीनिशी दाखल करते. त्या कागदाला निशाणी क्रमांक पडतो, रोजनाम्यात एक ओळ वाढते. अलीकडे रक्कम थेट आईच्या बँक खात्यावर भरण्याचे हुकूम होतात, ते बरंच. पासबुक कुणाची बाजू घेत नाही.

एवढ्या नोंदी कशाला, हे थकबाकीचा तक्ता पाहिल्यावर कळतं. वसुलीच्या अर्जासोबत हा तक्ता जोडतात. महिना, देय रक्कम, मिळालेली रक्कम, मिळाल्याची तारीख, बाकी. समजा हुकूम महिना पाच हजारांचा आहे. जानेवारीचे पाच आले, फेब्रुवारीत काहीच नाही, मार्चमध्ये तीन. एप्रिल उजाडताना बाकी सात हजार. बाप सांगतो, ‘साहेब, मी पोराला सायकल घेऊन दिली, दिवाळीला कपडे केले.’ केले असतील. पण ते पैसे तक्त्यातून आपोआप वजा होत नाहीत. आई म्हणते, ‘मार्चचे मिळालेच नाहीत.’ मग पावती किंवा पासबुकाची नोंद काढली की दोन मिनिटांत वाद संपतो. आठवणीवर भरवसा ठेवला तर तो दोन वर्षं चालतो.

आणि पैसे दिलेच नाहीत तर? एरवीच्या कर्जापायी कुणाचा पगार जप्त करायचा असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग यांना हात लावायचा नाही. पोटगीच्या वसुलीत हे गणित उलटतं. फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित राहतो, बाकीचा जप्त होऊ शकतो. म्हणजे सावकाराला जेमतेम तिसरा हिस्सा, मुलाला दोन हिस्से. ज्याने हे कलम लिहिलं त्याला मनापासून नमस्कार.

तुरुंगाची तरतूदही आहे. वॉरंट काढूनही वसूल न झालेल्या रकमेसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, पैसे भरले की सुटका. ‘आत जाऊन आलो, हिशेब मिटला’ असा पुष्कळांचा समज असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगून ठेवलंय की कैद हा वसुलीचा मार्ग आहे, फेडीचा नव्हे. महिनाभर तुरुंगात काढला तरी थकबाकीचा एक रुपया कमी होत नाही.

नागपूरचं ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी त्याचा निकाल लागला. अंतरिम अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो, इथे अंतरिम पोटगीचा वाद कोर्टांत सात वर्षं रेंगाळला होता. निकालाने देशभरासाठी नियम घालून दिले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, आणि दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता, उत्पन्न, कर्जं शपथपत्रावर लिहून द्यायची. त्या शपथपत्राचा नमुना आवर्जून वाचावा असा आहे. शहरी माणसासाठी एक, शेतीवर जगणाऱ्यासाठी दुसरा, आणि मेघालयासाठी तिसरा. शेतीवाल्या नमुन्यात जमीन कोरडवाहू की बागायती, पिकं कोणती, जमिनीवर कर्ज किती, हे तर विचारलंच आहे. त्यापुढे गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या, मासे आणि चक्क मधमाश्या! त्या किती आणि त्यांपासून मिळकत काय? ‘माझं उत्पन्नच नाही’ म्हणणाऱ्याला गोठ्यापासून मधाच्या पेटीपर्यंत हिशेब द्यायला लावणारा हा कागद आहे, आणि तो खोटा भरणं म्हणजे शपथेवर खोटं बोलणं.

परिस्थिती बदलली, नोकरी गेली, शाळेची फी वाढली, तर रक्कम कमी-जास्त करून मागता येते. पण नवा हुकूम होईपर्यंत जुनाच चालू राहतो. परस्पर आपल्या मनाने कमी पैसे पाठवणाऱ्याच्या नावावर थकबाकीच चढत जाते.

ज्यांच्या घरात असा हुकूम आहे त्यांनी एक मुदत तेवढी भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवावी. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर तिच्यासाठी कलम १४४ खालचं वसुली वॉरंट निघत नाही. देणं बुडत नाही, पण दिवाणी वसुलीचा लांबचा रस्ता धरावा लागतो. हुकमाची प्रत ज्याच्या बाजूने तो झाला त्याला विनामूल्य मिळते, आणि बाप दुसऱ्या गावी गेला असेल तर तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही ती दाखवून अंमलबजावणी मागता येते. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो.